सोळा चिपची रॅम

जुन्या संगणकासाठी रॅम घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला साधारणपणे तीन गोष्टी सांगतो: पिढी कोणती, क्षमता किती आणि वेग किती. ‘डीडीआर थ्री, चार जीबी, तेराशे तेहेतीस’ एवढे म्हटले की मागणी पुरी झाली असे त्याला वाटते, आणि समोर उभा असलेला विक्रेता नवखा असेल तर त्यालाही तसेच वाटते. या तीन गोष्टी चुकीच्या नसतात. पण २०१० च्या आसपास आपल्याकडे गावोगावी जोडून विकल्या गेलेल्या संगणकांच्या एका मोठ्या जातीला त्या पुरत नाहीत, आणि तिच्यासाठी रॅम शोधताना चौथी गोष्ट विचारावी लागते. ती म्हणजे रॅमच्या पट्टीवर चिप किती आहेत आणि त्या कोणत्या.

ही जात म्हणजे इंटेलच्या जी४१ चिपसेटवर, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग यांना जोडणाऱ्या चिपच्या संचावर, बांधलेले मदरबोर्ड. हा चिपसेट २००८ मध्ये आला. कोअर टू ड्युओ आणि पेंटियम ड्युअल कोअर या प्रोसेसरांसाठी तो स्वस्तातला पर्याय होता आणि नेमक्या त्याच कारणाने आपल्या बाजारात तो चालला. झेरॉक्सची दुकाने, शाळांच्या संगणक खोल्या, पतसंस्थांचे काउंटर, कोर्टाबाहेरची टंकलेखनाची टेबले अशा ठिकाणी तो अजूनही भेटतो. त्याच्यावर काम करणाऱ्याला त्याचे नाव बहुधा ठाऊक नसते. कॅबिनेट उघडून बोर्डावरचा क्रमांक वाचला की मग कळते.

माझा या विषयाशी संबंध आला तो साताऱ्यातल्या एका मित्राच्या छापखान्यामुळे. तिथे विंडोज एक्सपीवर चालणारा असा एक संगणक आजही रोजच्या कामात आहे, कारण श्रीलिपी या देवनागरी टंकांच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, ती चालण्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे हार्डवेअर लॉक आणि पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि संस्थांचे वार्षिक अहवाल हे सारे त्याच्यावर नांदते आहे. त्या फाइलींतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही. नव्या संगणकावर फाइल उघडली तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली. तिला पुढे वारस मिळाला तो दुसऱ्याच नावाने, आणि लॉकवर चालणारी जुनी आवृत्ती तर ज्या प्रणालीसाठी लिहिली तिच्यातच सुखाने चालते. त्यामुळे ‘नवीन घेऊन टाका’ हा सल्ला तिथे लागू पडत नाही. महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.

एके दिवशी त्या संगणकाचा पंखा फिरू लागला, दिवा लागला, पण डिस्प्ले येईना. आतून थांबून थांबून लांब बीप ऐकू येत राहिली. अशी बीप म्हणजे बहुतेक वेळा रॅमची तक्रार असते, आणि आपल्याकडे तिच्यावरचा पहिला उपाय खोडरबर हा आहे. पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर रबर फिरवायचा, पुन्हा बसवायची. या उपायाला हसणारे लोक मला भेटले आहेत, पण दमट हवेत तो पुष्कळदा खरेच लागू पडतो, कारण स्पर्शाच्या जागी साचलेला सूक्ष्म थर निघून जातो. मात्र दातांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि दरवर्षी घासत राहिले तर तोही निघतो. रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर आणखी वेगळा त्रास. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ कपडा अधिक सभ्य. इथे दोन्ही उपाय करून झाले आणि दोनपैकी एक पट्टी खरोखरच गेली असल्याचे स्पष्ट झाले.

मग असा विचार पुढे आला की आता उघडलेच आहे, तर दोन्ही स्लॉटमध्ये चार-चार जीबी बसवावी. एक्सपीला त्याचा उपयोग नाही, कारण ३२ बिटांच्या त्या प्रणालीला चार जीबीपैकीसुद्धा साधारण तीन-सव्वातीनच वापरता येतात. पण त्याच संगणकावर दुसऱ्या डिस्कवर ६४ बिटांची लिनक्स प्रणाली टाकून, जुन्या फाइलींतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम शेजारीच करता आले असते, आणि आजचा ब्राउझर दोन जीबीत श्वास घेऊ शकत नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत कमाल मर्यादा आठ जीबी छापली होती. म्हणजे कागदावर सारे सरळ होते.

ते सरळ का नसते हे समजण्यासाठी थोडे आत शिरावे लागते. पट्टीची क्षमता जीबीमध्ये सांगतात, पण तिच्यावर बसवलेल्या चिपची क्षमता गिगाबिटमध्ये मोजतात. संगणक आणि पट्टी यांच्यात माहितीचा मार्ग ६४ बिटांचा असतो. घरगुती संगणकाच्या नेहमीच्या पट्टीवरील एकेक चिप एका वेळी आठ बिट देते, म्हणून आठ चिप मिळून एक पूर्ण संच होतो आणि त्या संचाला रँक म्हणतात. दोन गिगाबिटची चिप म्हणजे २५६ मेगाबाइट. अशा आठ चिपची पट्टी दोन जीबीची होते आणि दोन रँक मिळून सोळा बसवल्या की चार जीबीची. पुढे चार गिगाबिटच्या चिप स्वस्त झाल्या आणि तीच चार जीबीची पट्टी अवघ्या आठ चिपमध्ये होऊ लागली. कारखान्याच्या दृष्टीने हा उघड फायदा आहे: अर्ध्या चिप, कमी जोडकाम, कमी वीज. त्यामुळे आज नवी म्हणून हातात येणारी चार जीबीची डीडीआर थ्री पट्टी बहुधा आठ चिपची असते, आणि जी४१ ला नेमकी तीच चालत नाही.

कारण अगदी भौतिक आहे. चिपच्या आत माहिती ओळी आणि स्तंभ अशा मांडणीत असते आणि हवी ती ओळ सांगण्यासाठी पत्त्याच्या तारा लागतात. डीडीआर थ्रीच्या आठ बिटी चिपपैकी दोन गिगाबिटच्या चिपला ओळीचा पत्ता सांगायला पंधरा तारा पुरतात. चार गिगाबिटच्या चिपला सोळा लागतात. जी४१ मधून पट्टीकडे जाणाऱ्या या तारा पंधराच आहेत. सोळावी तार ठेवलेलीच नाही, कारण हा चिपसेट आखला गेला तेव्हा तेवढ्या दाट चिप बाजारात नव्हत्या. त्यामुळे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अद्ययावत केला तरी काही होत नाही. बायोस म्हणजे अखेर मजकूर, आणि मजकुराने तांब्याची तार निर्माण होत नाही. पुस्तिकेतली ‘कमाल आठ जीबी’ ही ओळ खरीच असते, मात्र त्या दोन पट्ट्या जुन्या, विरळ चिपच्या असल्या तरच. ही अट पुस्तिकेत सहसा नसते.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी की इथे चांगली वस्तू तिच्या चांगलेपणामुळेच निकामी ठरते. वेगाच्या बाबतीत असे होत नाही. १६०० ची पट्टी १०६६ च्या बोर्डावर बसवली तर ती निमूटपणे १०६६ ने चालते, कारण पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये तिची सारी कुंडली लिहिलेली असते, बायोस ती वाचतो आणि दोघांना झेपेल असा वेग ठरवतो. विजेच्या दाबाचेही तसेच: डीडीआर थ्री १.५ व्होल्टवर चालते, तिची पुढची बहीण डीडीआर थ्री-एल १.३५ व्होल्टवर, पण ही दुसरी १.५ व्होल्टही सोसेल अशीच आखलेली आहे, म्हणून जुन्या बोर्डात ती दाबापुरती चालते. उलट बाजू मात्र बंद. २०१३ नंतरच्या अनेक लॅपटॉपना कमी दाबाचीच पट्टी लागते आणि तिथे जुनी १.५ व्होल्टची बसवली तर संगणक उठत नाही. वेग आणि दाब यांत अशी तडजोड होते; दाटपणात होत नाही.

आकारही फसवतो. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिनाच असतात, पण मधली खाच वेगवेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही, आणि या योजनेमुळे किती बोर्ड जळण्यापासून वाचले असतील याची गणतीच नाही. पण खाच फक्त पिढी ओळखते. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड प्रकारची डीडीआर थ्री पट्टी घरगुती बोर्डात सहज बसते, क्लिपा मिटतात, आणि डिस्प्ले येत नाही. मोठी केंद्रे जुने सर्व्हर मोडीत काढतात तेव्हा अशा पट्ट्या ढिगाने आणि स्वस्तात बाजारात येतात. चांगल्या कंपनीच्या, जड, देखण्या. लेबलवर वेगाच्या आकड्यानंतर आर हे अक्षर असेल, किंवा पट्टीच्या मध्यभागी वेगळ्या घडणीची एखादी चिप दिसत असेल, तर ती खाली ठेवावी. साध्या डेस्कटॉपच्या पट्टीवर त्या जागी यू असते आणि लॅपटॉपच्या आखूड पट्टीवर एस.

पुण्यात बुधवार पेठेकडच्या एका दुकानात या शोधात पहिला खरा जाणकार भेटला. मी तीन गोष्टी सांगितल्या तसे त्याने विचारले, ‘सर, बोर्ड कुठला? जी४१ असेल तर आधी सांगा, सोळा चिपची वेगळी ठेवतो आम्ही.’ दुरुस्तीच्या बाकावर आयुष्य काढलेल्या या मंडळींना पंधरा तारांचे गणित कोणी शिकवलेले नसते, आणि तरी उत्तर अचूक असते: आठ चिपची चालत नाही, सोळा चिपची चालते. बाजारात ‘जी४१ ची रॅम’ अशी वस्तूच तयार झाली आहे, जिचे नाव कोणत्याही कारखान्याच्या यादीत सापडणार नाही. तिथे वापरलेला माल ‘चेकिंग वॉरंटी’वर मिळतो, म्हणजे दुकानात लावून पाहा, चालली तर घ्या, घरी नेल्यावर आमची जबाबदारी नाही. मला हा करार प्रामाणिक वाटतो. ऑनलाइन विक्रीत ‘सर्व मदरबोर्डना चालते’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते, त्यापेक्षा तर नक्कीच.

पण चिप मोजण्याच्या या युक्तीलाही एक भोक आहे. बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून चार जीबीच्या पट्ट्या फिरतात, आणि त्यांच्यावरही सोळाच चिप असतात. फरक असा की त्यांतली प्रत्येक चिप एका वेळी चारच बिट देते, म्हणून सोळा मिळून एकच रँक होते आणि स्तंभाचा पत्ता दहाऐवजी अकरा तारांनी सांगावा लागतो. त्या काळातल्या एएमडी प्रोसेसरांतला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमचा कारभार पाहणारा भाग, हे करू शकत असे. इंटेलचे घरगुती चिपसेट करत नसत. अशा पट्ट्या स्वस्त असतात आणि काही विक्रेते ‘फक्त एएमडी’ हे शब्द हळूच गाळतात. लेबल खरे असेल तर ते सगळे सांगून टाकते: ‘२आरएक्स८’ म्हणजे दोन रँक, आठ बिटी चिप, आपल्याला हवी तीच, ‘१आरएक्स८’ म्हणजे आठ चिपची दाट पट्टी, ‘१आरएक्स४’ म्हणजे एएमडीवाली. शंका असेल तर लेबलपेक्षा चिपवर विश्वास ठेवावा, कारण स्टिकर कुठेही छापता येतो, चिपवरचा क्रमांक खोटा करणे तितके सोपे नाही. सॅमसंगच्या चिपवर ‘के४बी२जी०८’ अशी सुरुवात असेल तर दोन गिगाबिट आणि आठ बिट. ‘के४बी४जी०८’ असेल तर चार गिगाबिट, म्हणजे आपल्या कामाची नाही. आणि ‘०८’ च्या जागी ‘०४’ असेल तर चार बिटी. हायनिक्सच्या चिपवर ‘एच५टीक्यू२जी८’ शोधावे. मायक्रॉन आपल्या चिपवर छोटा सांकेतिक क्रमांक टाकते, तो त्यांच्या तक्त्यातून उलगडावा लागतो. अक्षरे इतकी बारीक असतात की मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून वाचावी लागतात, आणि दुकानदार तेवढा वेळ देतो की नाही यावरून मी त्याच्याकडे पुन्हा जायचे की नाही ते ठरवतो.

अशा जुन्या चिप वाचता वाचता एका उद्योगाची वंशावळही हाती लागते. किमोंडा हे नाव दिसले तर ती पट्टी २००६ ते २००९ या काळातली म्हणावी, कारण इन्फिनिऑनमधून वेगळी निघालेली ही जर्मन कंपनी २००९ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये त्याच वाटेने गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनच्या पोटात विसावली. कंपनी गेली तरी तिची चिप साताऱ्यातल्या छापखान्यात पत्रिका जुळवत बसते.

दाटपणाचा हा पेच जी४१ बरोबर जन्माला आला असेही नाही. १९९८ मधला इंटेलचा ४४० बीएक्स हा चिपसेट त्या काळात फार नावाजलेला होता, पण त्याला १२८ मेगाबिटपर्यंतच्याच चिप समजत. २५६ एमबीची पट्टी सोळा चिपची असेल तर पूर्ण दिसे. आठ चिपची असेल तर निम्मीच, १२८ एमबी. म्हणजे सोळा आणि आठ हाच वाद, फक्त आकडे लहान. त्याच्याही मागे गेलो तर वेगळीच शिस्त होती: तीस पिनांची पट्टी एका वेळी आठच बिट देत असे, म्हणून ३२ बिटांच्या ४८६ ला एकसारख्या चार पट्ट्या एकदम लावाव्या लागत. पेंटियमच्या काळात ७२ पिनांच्या पट्ट्या जोडीने बसवत. रॅमबस या वेगळ्या प्रकारच्या रॅमच्या पट्ट्या वापरणाऱ्या सुरुवातीच्या पेंटियम ४ मध्ये तर रिकामा स्लॉट रिकामा ठेवण्याचीही सोय नव्हती; तिथे मार्ग अखंड राहावा म्हणून मेमरी नसलेली मुकी पट्टी लावावी लागे. आजही तसा संगणक सांभाळणारे लोक ही मुकी पट्टी शोधत फिरतात, कारण पूर्वी तिला कचरा समजून फेकून दिलेले असते.

कोणाला विचारायचे हेही पिढीनुसार बदलते. जी४१ च्या पिढीपर्यंत इंटेलमध्ये मेमरीचा कारभार मदरबोर्डावरच्या चिपसेटकडे होता, म्हणून बोर्डाचे नाव महत्त्वाचे. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर आणि इंटेलने २००८ मध्ये नेहालेम पिढीबरोबर तो कारभार प्रोसेसरमध्ये नेला, त्यामुळे त्यानंतरच्या संगणकात आधी प्रोसेसर पाहावा लागतो. २०११ च्या सँडी ब्रिजपासून चार गिगाबिटच्या चिप बिनतक्रार चालतात आणि आठ जीबीची पट्टीही चालते. तिथे हा सगळा लेख निरुपयोगी आहे. लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही आज्ञा बोर्डाची कमाल मर्यादा सांगते, पण तो आकडा बायोस लिहिणाऱ्याने टाकलेला असतो आणि मी तो दोन्ही बाजूंनी चुकलेला पाहिला आहे. पट्टीची कुंडली मात्र विंडोजमधल्या सीपीयू-झेडमध्ये किंवा लिनक्समध्ये स्वच्छ वाचता येते, आणि विकत घेण्यापूर्वी दुकानातल्या चालू संगणकावर ती पाहू द्या अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

पट्टी घरी आणल्यावर ती लगेच कामाला लावू नये. डिस्प्ले आला म्हणजे रॅम निर्दोष आहे असे होत नाही. एखादाच पेशी-समूह बिघडलेला असेल तर संगणक आठवडाभर नीट चालतो आणि मग एखाद्या अहवालाच्या चाळिसाव्या पानात एक अक्षर बदलून ठेवतो, किंवा फाइल साठवताना तीच बिघडवतो. छापखान्यात अशी चूक छापून बाहेर पडते. म्हणून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून, प्रणाली सुरू होण्याआधीच, आधी एकेक पट्टी आणि मग दोन्ही मिळून रात्रभर तपासणे हा माझ्या मते या खरेदीचाच भाग आहे. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी परत द्यावी. ‘एकच तर चूक आहे’ हा युक्तिवाद स्मरणशक्तीच्या बाबतीत चालत नाही. साताऱ्याच्या संगणकात वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन सोळा चिपच्या पट्ट्या आता आहेत. जोडी एकाच कंपनीची असावी असा आग्रह पुष्कळजण धरतात. क्षमता आणि मांडणी सारखी असेल आणि चाचणी स्वच्छ निघाली असेल, तर मी तो धरत नाही.

प्रश्न यापुढच्या पुरवठ्याचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि कार्यालयांतून जुने संगणक बाहेर पडू लागले, त्यामुळे वापरलेली डीडीआर थ्री भरपूर मिळेल असे सांगितले जाते. मिळेल, पण ते संगणक बहुतांशी जी४१ नंतरच्या पिढ्यांतले आहेत आणि त्यांच्या पोटात पुष्कळदा दाट चिपच असतात. नव्या मेमरीचा ओघ तर डेटा सेंटरांकडे वळला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या नावाने चालणारा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसायच आवरता घेत असल्याचे जाहीर केले, आणि कोणत्या बोर्डाला कोणती पट्टी चालते हे पाहण्यासाठी आमच्यासारखे लोक ज्या याद्यांकडे वळत त्यांतली एक त्यांचीच होती. विरळ चिपच्या चार जीबीच्या पट्ट्या मुळात थोड्याच वर्षांत बनल्या. त्या जिथे आहेत तिथून, म्हणजे २०१० ते २०१२ च्या सुमारास जोडलेल्या आणि आता बोर्ड किंवा पॉवर सप्लाय गेल्यामुळे बंद पडलेल्या संगणकांतूनच त्या निघणार. म्हणून हल्ली कोणी भंगारात द्यायचा डेस्कटॉप असल्याचे सांगितले, की मी प्रोसेसर किंवा डिस्क विचारत नाही. बाजूचे झाकण काढून रॅमच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, एवढेच सांगतो.